इंग्लिश खोगिरावरून वेस्टर्नकडे वळताना: सुरुवात घोडीच्या पाठीपासून करा

तुमचा प्रश्न मला असा समजला. घोडी सात वर्षांची, वजनाने साधारण ४२० किलो. पाठ आखूड, अंग गोल आणि पसरट, विदर्सचा, म्हणजे मानेच्या मुळाशी खांद्यांच्या वर येणारा, उंचवटा जवळजवळ नाहीच. आजवर ती इंग्लिश खोगीर आणि साध्या स्नॅफलवर (तरफ नसलेला बिट, म्हणजे लगामाला जोडलेली तोंडातली दांडी) चालली आहे. आता तिच्यावर तीन-चार तासांच्या लांब रपेटी करायच्या आहेत, चढउताराच्या वाटांनी, आणि त्यासाठी वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन काउबॉय पद्धतीचं, सामान हवं आहे. एक वापरलेला पूर्ण संच विकायला आहे: १६ इंची सीटचं रोपिंग खोगीर, त्यावर ‘फुल क्वार्टर हॉर्स बार’ असा उल्लेख, सोबत जाड पॅड, नक्षीचा हेडस्टॉल (बिट धरणारे डोक्याचे पट्टे), लांब शँकचा (खाली लोंबणाऱ्या दांड्यांचा) बिट आणि ब्रेस्ट कॉलर (छातीवरचा पट्टा). तो घ्यावा का, आणि नाही तर काय बघून घ्यावं?

संच म्हणून घेऊ नका. त्यातलं खोगीर घोडीच्या पाठीवर ठेवून बघता येत असेल तर जरूर बघा. पण बाकीच्या चार वस्तू सोबत मिळताहेत एवढ्यावर निर्णय घेऊ नका. तुमच्या घोडीच्या बाबतीत त्यातल्या बऱ्याचशा खोगीरभरतीच ठरतील, आणि बिट तर तिच्या तोंडात घालूच नये असा आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

वेस्टर्न खोगिरात पैसे मोजायचे ते आतल्या सांगाड्यासाठी. त्याला ट्री म्हणतात. चांगला ट्री लाकडाचा असतो आणि त्यावर कच्चं कातडं किंवा फायबरग्लास चढवलेलं असतं. काही ट्री पूर्ण प्लास्टिकचेही असतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना पाठीवर टेकणाऱ्या लांब पट्ट्या म्हणजे बार. पुढे त्यांना जोडणारा भाग म्हणजे फोर्क, त्याचे फुगीर खांदे म्हणजे स्वेल, वर हॉर्न (दोरी गुंडाळायचा खुंट) आणि मागे कँटल (सीटची उंच कड). तुमचं सगळं वजन या दोन बारमधून पाठीवर उतरतं. इंग्लिश खोगिराच्या पॅनलमध्ये भरण असतं, ते थोडं काढता-घालता येतं, दबून पाठीचा आकारही घेतं. वेस्टर्न ट्रीला ही सोय नाही. बार जसा घडला तसा राहतो. खालची लोकर आणि पॅड मिळून थोडीफार तडजोड होते, पण बारचा कोन चुकीचा असेल तर पॅडने तो दुरुस्त होत नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी पाठीला ट्री, मग स्वाराला सीट, मग कामाप्रमाणे खोगिराचा प्रकार, आणि बाकीचं सामान त्यानंतर.

‘फुल क्वार्टर हॉर्स बार’ या शब्दांवर फार विसंबू नका. क्वार्टर हॉर्स ही अमेरिकन घोड्यांची एक जात. सेमी क्वार्टर हॉर्स म्हणजे गलेट (पुढे दोन बारमधली पोकळी) साधारण साडेसहा इंचांच्या आसपास, फुल म्हणजे सातच्या आसपास आणि ड्राफ्ट म्हणजे आठच्या घरात असं ढोबळमानाने सांगितलं जातं. पण हे माप कुठून कुठपर्यंत घ्यायचं यावर उत्पादकांचं एकमत नाही आणि सगळ्यांना बांधून ठेवणारं प्रमाणही नाही. एकाचं फुल दुसऱ्याच्या सेमीएवढं भरू शकतं. शिवाय रुंदी हा एकच आकडा झाला. बारचा पाठीशी होणारा कोन, पुढून मागे जाताना त्यात येणारा पीळ, लांबीतला बाक, आणि खांदा व कमरेपाशी टोकं किती बाहेर वळवली आहेत, या चारही गोष्टी लेबलवर लिहिलेल्या नसतात आणि घोड्याला जाणवतात त्या ह्याच.

तुमच्या घोडीसारख्या सपाट विदर्सच्या पाठीची नेहमीची तक्रार म्हणजे खोगीर एका बाजूला घसरतं. मग लोक तंग (पोटाखालून खोगीर बांधणारा पट्टा) आणखी आवळतात आणि खाली आणखी जाड पॅड घालतात. दोन्हींनी त्रास वाढतोच. जाड पॅडमुळे खोगीर पाठीपासून वर उचललं जातं, अरुंद ट्री आणखी अरुंद होतो आणि वरचं वजन डोलायला लागतं. जास्त आवळलेल्या तंगाने घोडी श्वास आखडते, कान पाडते आणि खोगीर दिसलं की बाजूला सरकते. अशा पाठीला हवा असतो रुंद आणि पसरट कोनाचा बार, जो तिच्या अंगाला पूर्ण लांबीने टेकेल, आणि त्याखाली तुलनेने पातळ पॅड. ब्रेस्ट कॉलर लावला की घसरणं थांबेल असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. तो खोगिराला मागे सरकू देत नाही, हे खरं. कुशीवर कलंडणाऱ्या खोगिराला तो आवरत नाही.

खोगीर बघायला जाण्याआधी घरीच घोडीची पाठ मोजून ठेवा. तिला सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभी करा, मान मध्यम उंचीवर. खांद्याच्या हाडाची मागची कड बोटांनी शोधून खडूने रेघ मारा. मग शेवटची बरगडी खालून वर चाचपत जा. ती कण्याला जिथे मिळेल तिथे दुसरी खूण करा. घोड्याला सहसा बरगड्यांच्या १८ जोड्या असतात आणि वजन पेलण्याची जागा त्या शेवटच्या बरगडीपाशी संपते. त्याच्या मागे कमरेचा भाग, त्याला खालून बरगडीचा आधार नाही. या दोन खुणांच्या मध्ये बार बसायला हवेत. स्कर्टचं, म्हणजे खोगिराच्या तळाला पसरलेलं, कातडं थोडं मागे गेलं तर चालतं, मात्र ते कमरेच्या हाडाला टोचता कामा नये. आखूड पाठीच्या घोडीसाठी मी गोल स्कर्टचं खोगीर सुचवेन. चौकोनी स्कर्टचे कोपरे वळताना कमरेत घुसतात, आणि मग घोडी एका बाजूला नीट वळत का नाही याचं कारण लोक शिक्षणात शोधत बसतात.

आकार टिपायला वाकवता येणारी पट्टी किंवा जाड, मऊ तार घ्या. खांद्यामागे एकदा, तिथून वीतभर मागे एकदा आणि सीटच्या मागच्या भागाखाली एकदा, अशी तीन ठिकाणी ती पाठीवर आडवी दाबा, आकार न मोडता उचला आणि पुठ्ठ्यावर गिरवून कापा. हे तीन पुठ्ठे घेऊन गेलात की विक्रेत्याकडचं खोगीर उलटं करून बारमध्ये ते धरून बघता येतात. अंतिम निर्णय यावरून होत नाही, पण साफ न बसणारी खोगिरं इथेच गळतात आणि घोडीचा त्रास वाचतो.

प्रत्यक्ष ठेवून बघताना पहिल्यांदा पॅडशिवाय ठेवा. थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवा, ते आपण होऊन एका जागी थांबेल. इंग्लिश खोगिराची सवय असलेले आणि नसलेले, दोघेही वेस्टर्न खोगीर फार पुढे ठेवतात. मग पुढचा भाग वर उचलला जातो, हॉर्न आभाळाकडे बघतो, स्वार कँटलवर ढकलला जातो आणि बारची टोकं प्रत्येक पावलाला खांद्याच्या हाडावर आपटतात. हॉर्नखाली, गलेटच्या मधोमध पाठीपासून दोन-तीन बोटं जागा हवी. सपाट विदर्सवर ती जास्तही दिसेल. कण्याच्या वरची फट पुढून मागपर्यंत मोकळी दिसली पाहिजे, मागे वाकून आरपार उजेड दिसतो का बघा. आता तळहात बारखाली पुढून घालून हळूहळू मागे न्या. दाब सगळीकडे सारखा लागायला हवा. पुढे हात चेंगरला आणि मध्ये सैल पडला तर बार अरुंद आहे किंवा पाठीवर पुलासारखा दोनच टोकांवर उभा आहे. मध्येच टेकून पुढे-मागे डुलत असेल तर बारचा बाक पाठीपेक्षा जास्त आहे.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. घोडी उभी असताना मध्यभागी अगदी किंचित सैलपणा असेल तर लगेच नाकारू नका. चालताना पोट आत घेऊन घोडा पाठ उचलतो आणि ती जागा भरते. खात्री करायची तर सोबतच्या माणसाला घोडीच्या छातीखाली, तंगाच्या रेषेत बोटांनी हलकं खाजवायला सांगा. ती पाठ वर करेल तेव्हा तुमचा हात बारखाली असू द्या.

वापरलेल्या खोगिरात ट्री तुटलेला नाही ना, हे बघितल्याशिवाय पुढचं बोलणंच करू नका. दोरी लावून वापरलेल्या रोपिंग खोगिरांत, किंवा घोडा ज्यांवर पाठीवर लोळला आहे अशा खोगिरांत, ट्रीला तडा गेलेला असतो आणि वरून कातडं सुंदर दिसत राहतं. खोगिराचा पुढचा भाग मांडीला टेकवून कँटल दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. सीट मधोमध वाकली, सुरकुतली किंवा आतून करकर ऐकू आली तर ते खोगीर तिथेच ठेवा. मग पुढचे दोन खांदे धरून एकमेकांकडे दाबा, हॉर्न धरून हलवा. काहीही हलता कामा नये. उलटं करून बघा: दोन्ही बार सारखे दिसतात का, लोकर एकाच बाजूला जास्त झिजली आहे का. चांगल्या निर्मात्याचं नाव बहुधा कातड्यावर ठोकलेलं असतं, फेंडरवर (रिकिबीच्या पट्ट्याचं रुंद कातडं) किंवा लॅटिगो (डावीकडे तंग बांधायचा पट्टा) अडकवायच्या जागेपाशी. नाव नाही, लोकर खिळ्यांऐवजी स्टेपलने बसवलेली आहे आणि कातड्यावर रंगासारखा चकाकणारा थर आहे, अशा खोगिरापासून दूर राहा. लॅटिगो आणि उजव्या बाजूचं बिलेट दुमडतात तिथे वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर दोन्ही बदलायची तयारी ठेवा. हे पट्टे खर्चाने किरकोळ आहेत आणि तुमचा जीव त्यांच्यावर असतो.

आता प्रकाराकडे. तुम्हाला मिळणारं रोपिंग खोगीर दोरीने गाय अडवण्यासाठी बनतं. त्याचा ट्री दणकट असतो, हॉर्न जाड, कँटल बुटकं. स्वाराला चटकन उतरता यावं आणि हॉर्नला गुंडाळलेल्या दोरीचा हिसका खोगिराने सोसावा म्हणून. वजन सहज १६ ते २० किलो. यातल्या कुठल्याच गुणाची तुम्हाला वाटेवर गरज नाही. कटिंगचं (कळपातून गाय वेगळी काढण्याचं) खोगीर सपाट सीटचं आणि उंच बारीक हॉर्नचं, बॅरल रेसिंगचं (पिंपांभोवतीच्या शर्यतीचं) हलकं, खोल सीटचं आणि उंच कँटलचं, रेनिंगचं (ठरावीक वळणं आणि थांबे दाखवण्याच्या स्पर्धेचं) पायाला घोड्याच्या अंगाजवळ ठेवणारं. तुमच्या कामासाठी ट्रेल खोगीर बघा: साधारण १० ते १३ किलो, मऊ सीट, गोल स्कर्ट, सामान बांधायला दोऱ्या. बॅरल खोगीर आखूड पाठीला अनेकदा छान बसतं, पण त्याची सीट स्वाराला एकाच जागी धरून ठेवते. चार तासांनी कंबर बोलायला लागते. नायलॉनच्या कापडाचं सिंथेटिक खोगीर आणखी हलकं असतं, पावसात त्याची देखभाल सोपी, आणि आत ट्री चांगला असेल तर त्याला नाव ठेवण्याचं कारण नाही. ट्रीशिवायच्या खोगिरांचा मात्र मी तुमच्या बाबतीत विचार करणार नाही, कारण सपाट विदर्सवर ती फिरतात.

हलकेपणावर मी भर देते त्याला हिशोब आहे. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत, ही जुनी मर्यादा. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या एका अभ्यासात ८ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून तपासणी झाली होती, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात २५ आणि विशेषतः ३० टक्क्यांना स्नायूंचं दुखणं आणि आखडणं स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. घोडे फक्त आठ, म्हणून त्याला शेवटचा शब्द मानू नये, तरी जुन्या मर्यादेशी तो जुळतो. तुमच्या घोडीचे २० टक्के म्हणजे ८४ किलो. १८ किलोचं रोपिंग खोगीर, तीन किलोचं पॅड आणि बाकी सामान धरलं तर स्वारासाठी ६० किलोच्या आसपास उरतात, तेही पाण्याच्या बाटल्या न मोजता. ११ किलोच्या खोगिरात हेच गणित बरंच सैल होतं. गोल, पसरट अंगाची घोडी थोडं जास्त पेलते असा अनेकांचा अनुभव आहे, पण चढउतार आणि चार तास धरून मी मर्यादेच्या आतच राहीन.

सीटचं माप इंग्लिशपेक्षा साधारण दोन इंच लहान येतं, कारण दोन्हीकडे मोजण्याची पद्धत वेगळी आहे. तुम्ही इंग्लिशमध्ये साडेसतरा वापरता असं लिहिलं आहे, म्हणजे वेस्टर्नमध्ये साडेपंधरापासून बघायला सुरुवात करा. बसल्यावर स्वेल आणि मांडीमध्ये हाताच्या चार बोटांएवढी जागा राहावी आणि मागे कँटलचा चढ सुरू होतो तिथे टेकावं, त्यावर चढून बसू नये. १६ कदाचित चालेल. सीटचा उतार कसा आहे यावर ते ठरतं. रिकिबीत उभं राहिल्यावर सीट आणि शरीरात तळहाताएवढं अंतर पुरे. इंग्लिशवरून आलेले स्वार सुरुवातीला रिकीब फारच लांब सोडतात, चित्रात काउबॉयचे पाय सरळ दिसतात म्हणून. पाय सरळ ताणला की टाच वर येते आणि तोल हॉर्नवर जातो. फेंडर नवे आणि ताठ असतील तर गुडघे पिळतात. ते पाण्याने ओलसर करून, रिकिबी बाहेरच्या दिशेला वळवून, दोन्हींतून एक काठी आडवी घालून रात्रभर ठेवा. दोन-चार वेळा केलं की बसतात. रिकिबीत बुटाच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा हवी, आणि बुटाला टाच हवीच.

रिगिंग म्हणजे तंग खोगिराला कुठे जोडला आहे ती जागा. कडी बरोबर स्वेलच्या खाली असेल तर फुल, थोडी मागे असेल तर सात-अष्टमांश, आणखी मागे तीन-चतुर्थांश, आणि हॉर्न व कँटलच्या बरोबर मध्ये असेल तर सेंटरफायर. यामागे कामाच्या दोन रीती आहेत, आणि मला त्या सांगायला आवडतात. टेक्सासचे काउबॉय आखूड दोरी हॉर्नला पक्की बांधत. गाय ताणली की हिसका एकदम खोगिराला बसे आणि मागचा भाग उचलला जाई, म्हणून त्यांनी पुढे-मागे दोन तंग घेतले. कॅलिफोर्नियाचे वाकेरो लांब कच्च्या कातड्याची रियाटा वापरत आणि हॉर्नला फक्त वेढे देत; दोरी सरकू देऊन हिसका मुरवत, त्यामुळे त्यांना मध्यभागी एकच तंग पुरे. तुम्हाला दोरी टाकायची नाही, तेव्हा घोडीच्या अंगात तंगाची नैसर्गिक जागा कुठे आहे ते बघा. कोपरामागे चार बोटांवर अंग जिथे आत जातं, तीच ही जागा. तंग तिथे सरळ खाली उतरला पाहिजे. पोटाळ, गोल घोड्यांत ही जागा पुढे असते आणि रिगिंग फार मागे असेल तर पूर्ण खोगीर पुढे ओढलं जातं. उलट फुल रिगिंगमध्ये तंग कोपराला घासू शकतो. बहुतेक ट्रेल खोगिरांत सात-अष्टमांश किंवा तीन-चतुर्थांश असतं. कुठलं हवं ते तुमची घोडीच सांगेल.

तंग मोहेरच्या (अंगोरा बकरीच्या लोकरीच्या) दोऱ्यांचा घ्या, रुंद, शक्यतो २७ दोऱ्यांचा. तो हवा खेळू देतो, घाम शोषतो आणि कातडी सोलवटत नाही. निओप्रीनचा तंग धुवायला सोपा, पण काही घोड्यांना त्याखाली उष्णतेने पुरळ येतं. लांबी अशी हवी की दोन्हीकडच्या कड्या सारख्या उंचीवर आणि कोपरापेक्षा बऱ्याच वर येतील.

रोपिंग खोगिराला मागचा तंग असेल, तो तुम्ही काढून ठेवला तरी चालेल. ठेवायचा असेल तर नीट ऐका. तो पोटाला हलका टेकलेला असावा. लोंबता ठेवला तर माशी हाकलताना घोडीचा मागचा पाय त्यात अडकू शकतो. पुढच्या आणि मागच्या तंगाला जोडणारा छोटा पट्टा पोटाखाली असलाच पाहिजे, नाहीतर मागचा तंग जांघेकडे सरकतो आणि शांत घोडासुद्धा उसळ्या मारतो. चढवताना आधी पुढचा तंग, मग मागचा. काढताना आधी मागचा. उलट क्रमाने सोडलं आणि घोडी दचकली तर खोगीर मागच्या तंगावर लटकत पोटाखाली जातं, आणि अशा प्रसंगानंतर कितीतरी घोडे महिनोन्‌महिने खोगीर जवळ येऊ देत नाहीत. घोडीला मागच्या तंगाची सवय नाही, त्यामुळे पहिल्यांदा तो लावाल तेव्हा आधी जमिनीवरून लांब दोरीवर फिरवा.

पॅड म्हणून पाऊण इंचाचा दाबलेल्या लोकरीचा नमदा तुमच्या घोडीला पुरेल, मध्ये कण्याच्या रेषेत आकार दिलेला. ठेवल्यावर तो गलेटमध्ये वर ओढून घ्या, म्हणजे कण्यावर ताणून बसणार नाही. संचातलं जाड पॅड तिच्यासाठी नको.

आता बिट. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण खोगीर वेस्टर्न घेतलं म्हणजे बिटही वेस्टर्न हवा असं मानून लोक एका दिवसात स्नॅफल काढून शँकचा बिट चढवतात. घोडीला तुमचा स्नॅफल कळतो, तर वेस्टर्न हेडस्टॉलमध्ये तोच लावा. त्यात काहीही गैर नाही. वेस्टर्न घोड्यांचं शिक्षणसुद्धा स्नॅफलपासून किंवा बोसालपासूनच (तोंडात काही नसलेलं, नाकावर बसणारं कडं) सुरू होतं. वाकेरो परंपरेत घोडा वर्षानुवर्षं बोसालवर, मग बोसाल आणि बिट दोन्ही लगामांवर, आणि शेवटी एकट्या बिटावर जातो. पूर्ण शिकलेल्या घोड्याच्या तोंडातला तो मोठा बिट केवळ लगामाच्या वजनाने बोलतो. न शिकलेल्या तोंडात तोच बिट इजा करतो.

स्नॅफलमध्ये जेवढं ओढाल तेवढंच तोंडाला पोचतं. शँकच्या बिटात तरफ असते. तोंडातल्या दांडीपासून वरच्या कडीपर्यंत दोन इंच आणि खाली लगामाच्या कडीपर्यंत सहा इंच असतील तर प्रमाण एकास तीन, म्हणजे हाताची ओढ किमान तिप्पट होऊन पोचते, आणि ती जीभ, जबडा, हनुवटीची खाच आणि डोक्याच्या मागचा भाग या सगळ्यांवर वाटली जाते. सरळ शँक लगेच लागू होतो, मागे वळलेला शँक घोड्याला आधी सूचना देऊन मग लागू होतो. दांडीच्या मध्ये जो उंचवटा असतो तो बेताचा असेल तर जिभेला जागा देतो, फार उंच असेल तर टाळूला लागतो. आणि दुकानात ‘टॉम थंब स्नॅफल’ म्हणून जो मधे जोड असलेला आखूड सरळ शँकचा बिट मिळतो, तो स्नॅफल नाहीच. शँक आहे तिथे तरफ आहे, मधल्या जोडाने ती सौम्य होत नाही. नवशिक्या हातात मी तो देणार नाही.

तुम्ही दोन्ही हातांनी लगाम धरता. घोडीला मानेवर टेकलेल्या लगामाने वळायला आधी स्नॅफलमध्येच शिकवा. ती एका हातावर सैल लगामाने थांबते, वळते, मागे सरते असं झालं की मग आखूड, मागे वळलेल्या शँकचा आणि बेताच्या उंचवट्याचा बिट आणा. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं सपाट बसावीत, आणि शँक सुमारे ४५ अंश मागे आल्यावरच तो पट्टा घट्ट व्हावा. बिटाची रुंदी बहुतेक घोड्यांना ५ इंच चालते, पण मोजून घ्या: ओठांच्या कडांबाहेर दोन्हीकडे मिळून पाव ते अर्धा इंच. त्याआधी पशुवैद्याकडून दात तपासून घ्या, पुढच्या दाढांसमोर लहानसा वुल्फ टूथ असेल तर कुठलाही बिट तिथे दुखतो. स्पर्धेत कधी उतरलात तर अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या नियमांत पाच वर्षांपर्यंतच्या घोड्यांना स्नॅफल किंवा बोसाल चालतो, आणि त्याहून मोठ्यांसाठी बहुतेक वेस्टर्न वर्गांत एका हाताने कर्ब (शँकचा) बिट लागतो, शँक जास्तीत जास्त साडेआठ इंच. त्या वर्षीचं नियमपुस्तक मात्र बघून घ्या. वाटेवर फिरण्यासाठी यातलं काहीच बंधनकारक नाही.

हेडस्टॉल कपाळपट्टी आणि गळपट्टी असलेला साधा घ्या. एका कानाचा नाजूक हेडस्टॉल स्नॅफलसोबत तोंडात सरकतो आणि घोडीने डोकं घासलं की निघून येतो. लगामात दोन सुटे पट्टे की एकच वेढा, हा आवडीचा प्रश्न. सुटे पट्टे हातातून सुटले तर घोडी त्यावर पाय देते, एकसंध लगाम मान खाली घातल्यावर पायात येऊ शकतो. नव्या स्वाराला मी एकसंध देते. ब्रेस्ट कॉलर चढाच्या वाटांसाठी लागेल, पण तो खोगीर पक्कं झाल्यावर त्याच्या कड्यांच्या उंचीप्रमाणे घ्या, म्हणजे तो श्वासनलिकेवर येणार नाही आणि खांद्याची हालचाल अडवणार नाही. संचातला नक्षीचा सुंदर असेलही, बसला तर वापरा. गोल अंगाच्या घोड्यांचं खोगीर उतारावर पुढे येतं, त्यासाठी शेपटीखालची दुमची जास्त उपयोगी पडते; तिची सवयही आधी जमिनीवरूनच.

शेवटी चाचणी. खोगीर आवडलं तर काही दिवस वापरून बघायला मागा, आणि खाली स्वच्छ पातळ चादर घालून अर्धा-पाऊण तास चालवा, त्यात थोडी दुडकी आणि एक चढ-उतार असू द्या. नेहमी उंच जागेवरून चढा, हॉर्न ओढून नाही. सपाट विदर्सवर हॉर्न ओढला की खोगीर फिरतं आणि दोष खोगिराला लागतो. उतरल्यावर घामाची खूण बघा. दोन्ही बाजूंना सारखी ओल, कण्यावर कोरडी रेघ, हे ठीक. घामात मध्येच रुपयाएवढा कोरडा ठिपका असेल तर तिथे एक तर बार टेकतच नाही किंवा इतका दाबतो की घामच सुटला नाही. बोट ठेवून बघा, घोडीने पाठ चोरली तर दुसरं कारण. केस उलटे फिरलेले असतील तर खोगीर तिथे सरकतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्याने पुढून मागे दाबत जा. पांढरे केस उगवायला आठवडे लागतात, म्हणून त्यांची वाट बघू नका; तंग कसताना कान मागे जाणं, शेपटी झटकणं, उतारावर पावलं आखडणं ही लक्षणं पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसतात.

असं वापरून बघायला विक्रेता तयार नसेल, किंवा पूर्ण संच घेतला तरच देईन म्हणत असेल, तर सोडून द्या आणि पुठ्ठे घेऊन पुढचं खोगीर बघा. आणि हे पुठ्ठे टाकू नका. घोडीचं पोट आत्ता बहुधा सुटलेलं आहे; दोन-तीन महिने नियमित चढउतार केल्यावर पाठीचे स्नायू भरतील, पोट उतरेल आणि आकार बदलेल. तेव्हा नवे पुठ्ठे कापून जुन्यांवर ठेवून बघा. फरक थोडा असेल तर आत पातळ तुकडे घालता येणाऱ्या पॅडने भागेल, जास्त असेल तर बारखाली हात घालून सगळी तपासणी पुन्हा करा.